टिनाच्या शेडातला निखारा : तालुक्याच्या मटण मार्केटात भाजलेलं कसं खावं

शेवटची बस गेली की तालुक्याच्या गावात दोनच ठिकाणी उजेड उरतो. एक बसस्टँडसमोरचा पानठेला, तिथे रात्री दहापर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू असतं. दुसरं, गुजरीच्या, म्हणजे भाजीबाजाराच्या, मागचं मटण मार्केटचं टिनाचं शेड. मी ठिबकचं साहित्य विकतो आणि त्याहून जास्त वेळ त्याची उधारी वसूल करत फिरतो. यवतमाळ, वाशीम, अमरावती, कधीमधी अकोला. चौदा वर्षांत अशा शेडांमध्ये किती रात्री जेवलो याचा हिशोब नाही. पोट किती वेळा बिघडलं याचा मात्र आहे. तीनदा. ऑफिसातली नवीन पोरं फिरतीवर निघताना विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आधी एक गोष्ट. विदर्भातलं मटण म्हटलं की बाहेरचा माणूस थेट सावजीवर जातो. हलबा कोष्ट्यांच्या घरातून आलेला तो रस्सा मलाही प्रिय आहे, पण तो इथला विषय नाही. रस्सा तासभर खदखदत असतो, त्यात बनवणाऱ्याची बरीच पापं धुतली जातात. निखाऱ्यावरचं दहा मिनिटांत उतरतं. तिथे मटण शिळं असेल, हात घाण असेल, घाई असेल, तर सगळं सरळ तुमच्या ताटात येतं. म्हणून भाजलेलं खायचं तर थोडं बघून खावं लागतं.

वार आणि वेळ

आठवडी बाजाराच्या दिवशी जा. त्या दिवशी गावात चार पट माणूस असतो, माल सकाळी कापलेला संध्याकाळी संपतो. बाजाराचा वार माहीत नसेल तर बसस्टँडवरच्या चहावाल्याला विचारा. बाजाराचा दिवस नसेल तर रविवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे आपल्याकडे भरपूर, त्यामुळे त्या दिवशी खाटीक एखादाच बकरा कापतो आणि शेगडीवर आदल्या दिवशीचं येण्याची शक्यता वाढते. श्रावणात तर निम्म्या शेगड्या पेटतच नाहीत. मग पोळ्याची कर येते आणि त्या दिवशी उलट टोक: मटणाला रांग, शेगडीवर घाई, आतून कच्चं. करीच्या दिवशी घरीच खावं असं माझं मत आहे. महावीर जयंती, २ ऑक्टोबर असे दिवस असतील तर मार्केट बंद असणार हे धरून चाला.

वेळेचं म्हणाल तर शेगड्या साडेसहाच्या सुमारास पेटतात. सव्वासात ते साडेआठ ही खरी वेळ. त्याआधी कोळसा नीट आलेला नसतो. साडेनऊनंतर जे उरलंय ते पुन्हा पुन्हा गरम होत असतं.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. एरवी मांस दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहू नये असं सांगतात, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाखाली संध्याकाळी सातलाही भट्टीत उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मी शेडात फक्त माझ्यासमोर कापलेलं किंवा बर्फाच्या डब्यातून काढलेलंच खातो. तसं मिळालं नाही तर दोन अंड्यांची भुर्जी.

बसायच्या आधी एक चक्कर

शेडात शिरल्याबरोबर पहिल्या शेगडीवर बसू नका, मालक कितीही "या भाऊ, बसा" म्हणाला तरी. पूर्ण शेडाला एक फेरी मारा. पाच मिनिटं लागतात.

बहुतेक शेडांची रचना सारखीच. मधून नाली, दोन्ही बाजूंना फरशीचे ओटे, एका टोकाला बकऱ्याचं मटण, मग कोंबड्यांचे पिंजरे, त्यापलीकडे मासोळी आणि सुकट. शेगड्या रस्त्याकडच्या तोंडाला. नाकाला आधी काय लागतं ते बघा. रक्ताचा आणि ओल्या फरशीचा वास असणारच, ते मटण मार्केट आहे, अत्तराचं दुकान नाही. पण आंबूस, कुजट वास नालीऐवजी ओट्यावरून येत असेल तर तिथूनच परत फिरा. सकाळी गेलात तर केस जळल्याचा वास येईल. ती मुंडी-पायांची भट्टी, घरी नेऊन शिजवायच्या मालाची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग पाणी बघा. नळ आहे की ड्रम? ड्रम असेल तर त्यात तांब्या बुडवतात की हात? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो लक्षात ठेवा, शेवटी कामी येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात बघा. एका शेगडीवर किती माणसं आहेत? दोन असतील आणि एक कच्च्याला, दुसरा भाजलेल्याला आणि पैशाला हात लावत असेल तर बसा. एकच असेल तर तो कच्ची बोटी सळईत ओवून, त्याच हाताने नोट घेऊन, त्याच हाताने कांदा वाढतो का, ते बघा. मी एकदा उभा राहून नीट पाहिलं होतं. माणूस कामात तरबेज. काठीला सुती फडकं गुंडाळलेलं, ते तेला-मसाल्याच्या वाटीत बुडवायचा आणि सळयांवर फिरवायचा. आधी नुकत्या ठेवलेल्या कच्च्या सळईवरून, मग वाटीत, मग तयार झालेल्या सळईवरून, आणि ती तयार सळई सरळ समोरच्या गिऱ्हाइकाच्या पानात. म्हणजे दहा मिनिटं भाजून मारलेलं सगळं शेवटच्या दोन सेकंदांत पुन्हा वर लावलं. भाजलेल्याला तेल लावायचं तर वेगळी वाटी, वेगळं फडकं. तसं नसेल तर मी सांगतो, "चाचा, मेरे को आखिर का तेल मत लगाओ, उतारके दो." कोणी वाईट मानत नाही.

दुकानाच्या फळीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर लावलेला असला तर चांगलंच. नसला म्हणून मी उठत नाही, पण असलेल्याकडे पाय आधी वळतात.

कोळसा वाचायला शिका

शेगडीत ज्वाळा दिसत असतील तर अजून वेळ आहे. निखाऱ्यावर राखाडी-पांढरी राख चढली आणि आतून लाल धग दिसली की कोळसा आला. तळहात सळईच्या उंचीवर धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर बोटीला योग्य. पाच-सहा सेकंद धरता आला तर धग कमी आहे, मटण भाजण्याऐवजी सुकत बसेल.

आपल्या भागात बाभळीचा कोळसा सर्रास असतो आणि तो उत्तम. भीती वाटते ती पेटवण्याची. काही ठिकाणी पॉलिथिन, टायरचा तुकडा किंवा रॉकेल घालून शेगडी धरवतात. तसला वास येत असेल तर अर्धा तास फिरून या. फर्निचरच्या दुकानातले प्लायवूडचे तुकडे शेगडीशेजारी रचलेले दिसले तर मी तिथे खातच नाही. रंग आणि डिंक जळलेला धूर मटणाला लागलेला मला चालत नाही.

चरबी निखाऱ्यावर टपकली की भडका उडतो आणि काळा धूर वर येतो. थोडा धूर म्हणजेच चव, हे कबूल. पण जो माणूस भडका दिसताच सळई बाजूला सरकवतो तो जाणकार. जो पंखा मारून भडका वाढवतो, तो गिऱ्हाइकांना तमाशा दाखवतोय. करपून कोळसा झालेली टोकं दातांनी ओरबाडू नका, सोडून द्या. जळक्या भागात आणि चरबीच्या धुरात नको ती द्रव्यं तयार होतात आणि चवीलाही ती टोकं कडूच लागतात.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे कोणीच बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, मग शेडातले लोक शटर अर्धं खाली ओढतात, फटींना गोणपाट लावतात, आणि शेगड्या आतच. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत. डोळे झोंबतात तो धूर वेगळा. चार वर्षांपूर्वी एका गावात मी ऊब मिळावी म्हणून मुद्दाम शेगडीमागच्या कोपऱ्यातला बाक धरला. वीस मिनिटांत कपाळ जड, मग मळमळ. मला वाटलं, मटण बाधलं. बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि थोड्या वेळात डोकं हलकं व्हायला लागलं. तेव्हा कळलं की मटणाचा दोष नव्हता. तेव्हापासून मी दाराकडच्या बाकावर, वाऱ्याच्या बाजूला बसतो, थंडी वाजली तरी. सोबतच्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर ताट तिथेच सोडून सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं. बाहेर येऊनही कोणी गुंगल्यासारखा वाटला तर १०८ ला फोन लावावा.

काय मागायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिल्यांदा एकच सळई मागा. प्लेट नाही, पाव किलो नाही. एक सळई खाऊन मग ठरवा.

बोटी आणि कबाब यांत एक फरक आहे तो समजून घ्या, बाकी सगळं आपोआप कळतं. अखंड बोटीवर जंतू असले तर ते बाहेरच्या अंगाला असतात, आणि बाहेरचं अंग निखाऱ्यावर सगळ्यात आधी तापतं. खिमा करताना बाहेरचं आत जातं. म्हणून शीग कबाब मधोमध पूर्ण शिजलेला हवा, तिथे "थोडा नरम ठेवा" हा हट्ट चालत नाही. पहिला कबाब मध्ये तोडा. आत गुलाबी, चिकट, पेस्टसारखं दिसलं तर परत करा. मोजून सांगायचं तर खिम्याला आतून ७१ अंश लागतात, कोंबडीला ७४. शेडात कोणाकडे थर्मामीटर नसतो, पण मधोमध वाफ आली पाहिजे आणि रस पारदर्शक दिसला पाहिजे.

माझा क्रम असा: आधी कलेजी, मग बोटी, मग भूक उरली तर कबाब. कलेजी सकाळच्या बकऱ्याची असते आणि लवकर संपते. चांगली भाजलेली कलेजी बाहेरून कोरडी, आतून एकसारखी तपकिरी, दाबली तर किंचित लवते. वाळूसारखी भुगा होत असेल तर जास्त झाली, मध्ये लाल रेघ असेल तर कमी. गुर्दा मला आवडतो पण वरची पातळ साल आणि मधली पांढरी गाठ काढली नसेल तर उग्र वास येतो. विचारून घ्या.

कोंबडीच्या बाबतीत माझं मत कडक आहे. शेडात कोंबडी खाऊच नका असं म्हणणार नाही, पण आकड्याला टांगलेले लालभडक लेग पीस दिसले तर एक प्रश्न विचारा: "हे अर्धे भाजलेले आहेत का?" बहुतेक ठिकाणी दुपारी अर्धवट भाजून टांगतात आणि गिऱ्हाईक आलं की पाच मिनिटं निखाऱ्यावर धरून देतात. अर्धवट भाजलेलं मांस तासन्‌तास कोमट लटकणं यासारखी जंतूंची सोय दुसरी नाही. आणि पुन्हा तापवून सगळं ठीक होतं हा गैरसमज आहे. हाताच्या जखमांवरून, नाकावरून अन्नात जाणारे काही जंतू असं विष सोडतात की ते उकळूनही जात नाही. जंतू मरतात, विष राहतं. लेग पीस खायचाच तर समोर कच्च्यापासून भाजलेला, आणि हाडाच्या सांध्याशी फाडून बघितलेला. रंगाचं काय? लालभडकपणा तिखटाचा असेल तर बोटाला तेलकट नारिंगी लागतो. साबणानेही न जाणारा गुलाबी डाग पडला तर तो पुडीतला रंग आहे. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये कबाबांत असे कृत्रिम रंग वापरायला बंदीच घातली. आपल्याकडे तुम्हीच "बिना रंगाचं" मागायचं.

आपलं मटण, त्याची शेगडी

आता माझी खरी आवडती पद्धत. आपल्याकडच्या ढाब्यांवर "मटण आणा, बनवून मिळेल" अशी पाटी दिसते ना, तसंच काही शेडांतले शेगडीवालेही आपण आणलेलं मटण भाजून देतात. पाटी नसते, विचारावं लागतं. यात दोन फायदे. काय खातोय ते माहीत असतं, आणि चौघे असाल तर स्वस्त पडतं.

पायरी पहिली, खाटीक. साडेसहाच्या आत जा, नंतर उरते ती गर्दन आणि छिछडे. मटण फिकट लाल हवं, काळपट नको. चरबी पांढरी आणि घट्ट. बोटाने दाबलं की खळगा भरून आला पाहिजे. बरगडीचं हाड बारीक असेल तर जनावर कोवळं. अंगावर तपासणीचा जांभळा शिक्का दिसला तर उत्तम. शेपूट बहुधा मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यावरून बकरा की मेंढा हे ओळखता येतं. एक ओळखीचा खाटीक मला दर वेळी म्हणतो, "सायेब, हात लावून पाहा ना, सकाळचाच हाय, खोटं काऊन सांगू?" मी खरंच हात लावून बघतो, त्याला ते आवडतं.

काय मागायचं? रान, म्हणजे मांडी, मागू नका. मोठ्या स्नायूंचं मटण रश्श्याला छान, निखाऱ्यावर चिवट होतं. त्यातून त्याच दिवशी कापलेलं मांस आणखी ताठ असतं, कारण कापल्यावर काही तासांनी ते आखडतं आणि सैल व्हायला वेळ घेतं. चाप, पुठ आणि थोडी कलेजी घ्या. "दोन बोटांची बोटी करा, चरबी थोडी राहू द्या" असं सांगा. कलेजी वेगळी तोला आणि वेगळी बांधा, ती मटणासोबत मुरवायची नसते. चौघांना एक किलो पुरतं. भाजल्यावर वजन तिसऱ्या हिश्शाने कमी होऊ शकतं, म्हणून नंतर शेगडीवाल्यावर चोरीचा आळ घेऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने घेतला होता. त्या शेगडीवाल्या चाचांनी काही न बोलता पुढच्या खेपेला तराजू आणून त्याच्यासमोर आधी कच्चं आणि मग भाजलेलं तोललं.

पायरी दुसरी, बोलणी. मटण शेगडीवर ठेवायच्या आधी पैसे ठरवा: भाजायचे किती, मसाल्याचे वेगळे का, रोटी कितीला, कांदा-लिंबू धरून का. हे आधी झालं की शेवटी कोणाचं तोंड वाकडं होत नाही.

पायरी तिसरी, मुरवण. मीठ, आलं-लसूण, तिखट, थोडं फल्लीतेल (शेंगदाण्याचं) आणि कच्च्या पपईची पेस्ट. पपईतला पेपेन मांसाचे धागे सैल करतो, पण तो थांबत नाही. दोन बोटांच्या बोटीला अर्धा ते पाऊण तास पुरे. दीड-दोन तास ठेवलंत तर बाहेरून पिठूळ, आतून तरी चिवट. पेस्ट जास्त पडली तर आणखी लवकर. एक किलोला सपाट दोन चमचे माझ्या अनुभवात बरोबर पडतात. या वेळात भांडं झाकलेलं हवं आणि तुम्ही तिथेच हवेत. अविश्वास म्हणून नाही, गर्दीत दोन गिऱ्हाइकांची भांडी बदलतात. उन्हाळ्यात समोरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून परातीत भांडं ठेवायचं.

पायरी चौथी, सळई. बोट्या घट्ट ओवू नका, मध्ये दाणाभर फट ठेवायला सांगा. चिकटून ओवलेल्या बोट्यांच्या आतल्या बाजू वाफेवर शिजतात, भाजत नाहीत. तीन बोट्यांनंतर एक चरबीचा तुकडा. तो वितळून खालच्या बोट्यांवर उतरतो आणि वेगळं तेल लावायची गरज उरत नाही. फडक्याचा प्रश्नच मिटला.

पायरी पाचवी, थांबणं. हीच सगळ्यात अवघड. पोरं ओरडतात, "झालं ना चाचा, द्या ना." ज्या चाचांची मी गोष्ट सांगतोय ते एकदाही घाई करत नाहीत. "दो मिनट रुको भाऊ, अंदर की गरमी को काम करने दो," म्हणतात आणि सळई निखाऱ्यावरून काढून बाजूच्या विटेवर ठेवतात. तीन-चार मिनिटं. बरोबर आहे त्यांचं. आतपर्यंत उष्णता पोचते, रस बोटीत राहतो, पानावर सांडत नाही.

सोबतीला

शेडातलं मांस चुकतं त्यापेक्षा सोबतचं जास्त चुकतं. मटण निखाऱ्यावर जातं, चटणी जात नाही. सांबार (कोथिंबीर)-मिरचीची हिरवी चटणी दुपारी वाटलेली, कोणत्या पाण्यात वाटलीय देव जाणे. कांदा समोर कापून घ्या, कापलेल्या कांद्याच्या ढिगातला नको. लिंबू अख्खं घ्या, स्वतः चिरा. पाणी तुमच्या बाटलीतलं.

वर्तमानपत्रावर वाढलेलं घेऊ नका. गरम तेलाला शाई उतरते आणि त्या शाईत शिसं असू शकतं. पळसाच्या पानाचा द्रोण मिळाला तर भाग्य. नाही तर मी पिशवीत स्टीलची एक ताटली ठेवतो. लोक हसतात. हसू देत.

विचारायला लाजू नका

"छोट्याचं का मोठ्याचं?" हा प्रश्न शेडात रोजचा आहे, कोणाला खटकत नाही. छोट्याचं म्हणजे बकरा-मेंढा. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे मोठ्याचं म्हणजे म्हैस-रेडा. खात नसाल तर सळई, तवा, चिमटाही वेगळा आहे का ते विचारा. हलाल पाहिजे असेल तर तेही. सोबत कोणी माळकरी असेल तर त्याला बाहेर चहाच्या ठेल्यावर बसवा, शेडात ओढू नका.

गडचिरोली, ताडोबा, मेळघाटाच्या बाजूला कोणी कानाशी येऊन "रानडुक्कर हाय, घोरपड हाय, पाहिजे का?" म्हणेल. सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते गुन्हा आहे आणि तुरुंग विकणाऱ्यापुरता नसतो. गावरानी कोंबडी मागा, तिच्यात काय कमी आहे?

बायको, पोरं आणि पार्सल

संध्याकाळच्या शेडात बायका बसून खाताना क्वचित दिसतात. याचं मला वाईट वाटतं, पण आहे ते आहे. बायको सोबत असली की मी पार्सल घेतो. पार्सल घट्ट डब्यात बंद करू नका, वाफेने भाजलेल्याचं उकडलेलं होतं. पानात आणि वर सैल कागदात बांधा, तासाभरात खाऊन टाका. रात्री लॉजवर ठेवून सकाळी बसमध्ये खाल्लेले कबाब ही माझ्या तीन हिशोबांपैकी एक नोंद आहे. बसचा प्रवास चार तासांचा असेल तर दोन सळयांवर थांबा. यवतमाळ-उमरखेड रस्त्याला तुमच्या पोटाची दया येणार नाही.

पोट बिघडलंच तर

खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा ते मघाशी सांगितलेलं विष, आणि ते साधारण दिवसभरात उतरतं. ताप, पोटात मुरडा, जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आले तर तो जंतूंचा संसर्ग, आणि तेव्हा दोष शेवटी खाल्लेल्या जेवणाचा असेलच असं नाही, त्याआधीच्या दिवसांचंही आठवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. घोट घोट पीत राहा. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-सात तास लघवी नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, यातलं काहीही झालं तर जुलाब थांबवायची गोळी घेऊन बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सोबत लहान पोर किंवा म्हातारं माणूस असेल तर इतकी वाटही पाहू नका.

माझी तिसरी खेप सगळ्यात वाईट होती. मे महिना, दोन दिवस लॉजवर आडवा. महिन्याभराने त्याच शेडात गेलो आणि शेगडीवाल्याला स्पष्ट सांगितलं की तुझ्या कबाबाने मला झोपवलं. तो भांडला नाही. कोणत्या दिवशी आला होता, किती वाजता, कोण कोण सोबत होतं, सगळं विचारलं. सोबत दोघं होते, त्यांनीही तेच कबाब खाल्ले होते, त्यांना काही झालं नव्हतं. मग त्याने विचारलं, "भाऊ, चटणी खाल्ली होती का?" मी एकट्यानेच खाल्ली होती, दोनदा मागून. त्याने ड्रमकडे बोट दाखवलं. त्या आठवड्यात गावात नळ आला नव्हता.